पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग : जीएनएमनंतरच्या दोन वर्षांचे परीक्षण

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) झालेल्या आणि परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या परिचारिकेला नोकरीसाठी पदवी लागतेच का, असे आमच्या वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या मुली दरवर्षी विचारतात. त्यांना मिळणारी उत्तरे बहुतेक वेळा कुणाच्या तरी मामेबहिणीच्या अनुभवावर नाहीतर प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाच्या बोलण्यावर आधारलेली असतात. मी जीएनएम करून आधी तालुक्याच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये आणि मग शहरातल्या मोठ्या रुग्णालयात काम केले, त्यानंतर नोकरी सोडून एका खासगी महाविद्यालयातून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, म्हणजे जीएनएमनंतरची दोन वर्षांची पदवी, पूर्ण केले आणि पुन्हा रुग्णसेवेत आले. पैसे आणि उमेदीचा काळ मोजून घेतलेली सेवा म्हणून या अभ्यासक्रमाकडे पाहिले तर तो काय देतो, काय देत नाही आणि कोणाला त्याची खरोखर गरज आहे, हे मला मांडायचे आहे. माझे मत आधीच सांगते : महाराष्ट्रात रुग्णाच्या खाटेजवळची पहिली नोकरी मिळवण्यासाठी ही पदवी लागत नाही, तिचे खरे काम त्या पहिल्या नोकरीनंतर सुरू होते, आणि म्हणून ती केव्हा घ्यायची हा निर्णय ती घ्यायची की नाही या निर्णयाइतकाच महत्त्वाचा आहे.

ज्यांना या क्षेत्राची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविकेचा अभ्यासक्रम) दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि थेट बारावीनंतरचे बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय व खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात, तर जीएनएमला कोणत्याही शाखेतून इंग्रजीसह ४० टक्के पुरतात. या एका फरकामुळे खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुली जीएनएमकडे येतात, कारण गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखाच नसते, किंवा असली तरी शिकवणीचा खर्च घराला झेपणारा नसतो. अशा मुलीला पुढे पदवीधर होण्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेने जो मार्ग ठेवला आहे तो म्हणजे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक. महाराष्ट्रात या पदवीची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. जीएनएमची तीन आणि ही दोन अशी पाच वर्षे होतात, म्हणजे थेट बी.एस्सी. करणाऱ्या मुलीपेक्षा एक वर्ष जास्त. कलाशाखेतून आलेल्या मुलीकडे मात्र दुसरा पर्यायच नव्हता, त्यामुळे हे जास्तीचे वर्ष तिच्या नावावर खर्च म्हणून मांडणे मला न्याय्य वाटत नाही.

आता नोकरीकडे येते. खासगी रुग्णालयांत, अगदी पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतही, जीएनएम आणि बी.एस्सी. झालेल्या परिचारिका एकाच वॉर्डात, एकाच शिफ्टमध्ये, तेच काम करतात. मुलाखतीत मेट्रन (रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका) सर्वांत आधी नोंदणी प्रमाणपत्र पाहतात, मग अनुभव, आणि त्यानंतर थेट कामाचे प्रश्न सुरू होतात. व्हेंटिलेटरचा लो प्रेशरचा अलार्म वाजला तर पहिल्यांदा काय बघाल? रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजून आली तर सलाइन सेटचे काय कराल, कोणाला कळवाल, रक्ताच्या पिशवीचे काय कराल? पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेतून का द्यायचे नसते? या प्रश्नांची उत्तरे देता येणाऱ्या मुलीला पदवी नाही म्हणून परत पाठवल्याचे मी पाहिलेले नाही. पदवीचा विचार होतो तो बहुधा सुरुवातीचा पगार ठरवताना, आणि तो फरकही इतका नसतो की त्यासाठी दोन वर्षे घरी बसावे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगारासाठी शिफारशी केल्या, त्याही पदवीवर आधारलेल्या नव्हत्या. २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाने शासकीय परिचारिकेइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयाने त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयाने फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तिथेही किमान २०,००० रुपये द्यावेत, असे त्या समितीने सुचवले होते. या शिफारशी किती रुग्णालयांत प्रत्यक्षात आल्या हे पगार स्लिप हातात पडणारी प्रत्येक परिचारिका जाणते. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की पगाराचा विचार करणाऱ्यांनीही रुग्णालयाचा आकार मोजला, परिचारिकेची पदवी नव्हे.

शासकीय सेवेतही प्रवेशाच्या पायरीवर पदवीची सक्ती नाही. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदासाठी जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग या दोन्ही अर्हता चालतात आणि दोघींना ३५,४०० ते १,१२,४०० ही एकच वेतनश्रेणी मिळते. रेल्वेच्या भरतीतही नोंदणीकृत जीएनएम उमेदवार पात्र असते, आणि तेथे सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या स्तरावर ४४,९०० रुपये मूळ वेतन आहे. म्हणून ‘पदवीशिवाय सरकारी नोकरी मिळतच नाही’ असे जेव्हा एखादा प्रवेश सल्लागार मुलीच्या वडिलांना सांगतो, तेव्हा तो त्यांची दिशाभूल करतो.

मात्र एम्सच्या भरतीजवळ थोडे थांबावे लागेल, कारण या पदवीच्या व्यवहारातले सगळे गणित त्या एका जाहिरातीत दिसते. २०२० पासून एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट ही सामाईक परीक्षा होते आणि नागपूरचे एम्सही तिच्यातूनच भरती करते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेल्या, नोंदणीकृत उमेदवाराला येथे अनुभवाची अट नाही. जीएनएम उमेदवारही पात्र आहे, परंतु तिला अर्हता मिळाल्यानंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे जीएनएम होऊन बाहेर पडलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीने पोस्ट बेसिकला प्रवेश घेतला आणि दुसरी ५० खाटांच्या रुग्णालयात रुजू झाली, तर दोघी जवळपास एकाच वेळी नॉरसेटच्या दारात उभ्या राहतात. पहिलीने त्या दोन वर्षांत फी भरलेली असते, दुसरीने पगार घेतलेला असतो आणि तिचे हात कामाला सरावलेले असतात. परीक्षेची तयारी दोघींनाही करावीच लागते. जी मुलगी केवळ नॉरसेटसाठी पोस्ट बेसिक करायला निघाली आहे, तिने हे गणित आई-वडिलांसमोर बसून एकदा मांडून पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

यातला ५० खाटांचा आकडा मात्र अनेकींच्या वाट्याला अन्याय घेऊन येतो. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांतल्या नर्सिंग होममध्ये पंधरा, वीस, फार तर तीस खाटा असतात. तेथे एकटी परिचारिका रात्रभर प्रसूती सांभाळते, तिथल्या तिथे बाळाला ऑक्सिजन लावते, डॉक्टर येईपर्यंत आईचा रक्तस्राव आटोक्यात ठेवते, आणि तरीही तिचा हा अनुभव त्या रकान्यात बसत नाही. शिवाय खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३० असल्याने छोट्या रुग्णालयात गेलेली वर्षे दोन्ही बाजूंनी नुकसान करतात. घर, लहान मूल किंवा सासू-सासऱ्यांचे आजारपण यामुळे जिला गाव सोडून मोठ्या रुग्णालयात जाता येत नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात जाऊन-येऊन शिकता येते, तिच्यासाठी पोस्ट बेसिक ही अट ओलांडण्याचा सरळ मार्ग आहे. मी तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये होते तेव्हा ही अट कोणी समजावून सांगितली नव्हती. अनुभव प्रमाणपत्रावर खाटांची संख्या लिहिलेली असावी लागते, एवढी साधी गोष्टही तेथल्या कोणाला ठाऊक नव्हती.

पदवीशिवाय दार उघडतच नाही अशा जागाही आहेत, आणि त्या थोड्या नाहीत. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अल्पकालीन कमिशनसाठी बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग लागते, जीएनएमवर अर्ज करता येत नाही. आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांवर जे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले, त्यांत महाराष्ट्रात आयुर्वेद आणि युनानीच्या पदवीधरांबरोबर नर्सिंगच्या पदवीधरांना स्थान मिळाले. ही पदे कंत्राटी असली तरी मासिक २५,००० रुपये आणि कामगिरीनुसार १५,००० रुपयांपर्यंत मोबदला, शिवाय आपल्याच तालुक्यात राहून स्वतःच्या जबाबदारीवर काम करण्याची संधी, यामुळे माझ्या वर्गातल्या अनेकींनी याच एका कारणासाठी प्रवेश घेतला होता. नर्सिंगच्या शिक्षणसंस्थेत शिकवायचे असेल तर पदवी ही पहिली पायरी आहे, आणि एम.एस्सी. नर्सिंगला तर पदवीत ५५ टक्के गुण व एक वर्षाचा अनुभव असल्याशिवाय प्रवेश नाही. ज्यांच्या मनात आज नाही पण पाच-सात वर्षांनी पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग ट्यूटर) किंवा प्राध्यापक होण्याचा विचार येऊ शकतो, त्यांनी या पदवीकडे खर्च म्हणून पाहू नये.

परदेशाच्या बाबतीत एकच उत्तर देणे चुकीचे ठरेल. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेकडे आपल्या जीएनएम परिचारिका नोंदणी करतात. त्यांच्या वाटेतला मोठा अडथळा पदवीचा नसून इंग्रजीच्या परीक्षेचा असतो, कारण तेथे आयईएलटीएसमध्ये लेखनासाठी ६.५ आणि इतर तिन्ही भागांसाठी ७ गुण लागतात, आणि त्यानंतर संगणकावरची परीक्षा व ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा असते. जर्मनीत परिचारिकेचे शिक्षण मुळातच तीन वर्षांचे, प्रशिक्षणाधारित आहे, त्यामुळे तेथे आपल्या जीएनएमकडे कमी लेखून पाहिले जात नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा जो करार केला त्यात परिचारिकाही आहेत, आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीने दोन वर्षे पोस्ट बेसिकला देण्याऐवजी तोच काळ जर्मन भाषा शिकण्यात घालवला तर ती लवकर पोहोचेल. याउलट सौदी अरेबियाच्या आरोग्य मंत्रालयाच्या भरतीत बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि त्यावर अनुभव मागितला जातो. ज्यांना आखातात जायचे आहे त्यांनी पदवी घेऊनच जावे; तेथे गेल्यावर नियम कडक झाला तर परक्या देशात नोकरी सांभाळून शिकणे फार कठीण पडते.

आता अभ्यासक्रमाकडे वळते. पहिल्या वर्षी परिचर्येची मूलतत्त्वे, पोषण व आहारशास्त्र, जीवरसायन व जीवभौतिकी, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मातृ परिचर्या, बाल आरोग्य परिचर्या, मेडिकल सर्जिकल आणि इंग्रजी असे विषय असतात. यातला मोठा भाग जीएनएममध्ये झालेला असतो, आणि वॉर्डात काही वर्षे काढलेल्या परिचारिकेला बेड मेकिंग आणि तापमान-नाडी-श्वसनाच्या नोंदींपासून पुन्हा सुरुवात करायला लावणे हा तिच्या अनुभवाचा अवमान आहे, असे मला त्या वर्षभर वाटत राहिले. जीवरसायन हा विषय या वर्षात सर्वांत उपयोगी ठरू शकला असता. रक्तातले वायू, आम्ल-अल्कली संतुलन, यकृताच्या चाचण्या यांचे अहवाल आम्ही रोज हाताळत होतो. ते नुसते फाइलला न लावता वाचता येणे ही अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेची रोजची गरज आहे. आमच्या महाविद्यालयात मात्र हा विषय गाइडमधून वाचून दाखवला गेला आणि परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ करून घेतल्या गेल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी त्या मानाने फार मनापासून शिकवले. कोणत्या नमुन्यासाठी कोणती बाटली, अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच रक्ताचे कल्चर का घ्यायचे, आणि तो नमुना फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, हे त्यांनी ज्या रीतीने समजावले ते आजही मी नव्या मुलींना तसेच सांगते.

दुसरे वर्ष मात्र मला या अभ्यासक्रमाचा खरा आत्मा वाटतो. समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या, परिचर्या शिक्षण, परिचर्या प्रशासन, आणि संशोधन व संख्याशास्त्र या विषयांपैकी शेवटचे तीन जीएनएममध्ये फारसे वाट्याला येत नाहीत. प्रशासनाच्या तासाला आम्हाला एका काल्पनिक वॉर्डाचे महिन्याचे ड्यूटी रोस्टर करायला दिले होते. रजा-राखीव म्हणून ३० टक्के मनुष्यबळ धरायचे असते, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक शिफ्टला एक परिचारिका असावी लागते, नाइटनंतरची सुट्टी मोडायची नसते. हे सगळे धरून रोस्टर मांडताना आपल्या वॉर्डात दर महिन्याला नेमके काय कमी पडते ते पहिल्यांदा कागदावर दिसले. तोपर्यंत ‘स्टाफ कमी आहे’ ही आमची फक्त तक्रार होती. त्यानंतर किती कमी आहे, कोणत्या शिफ्टला कमी आहे आणि त्यामुळे कोणती कामे राहतात, हे आकड्यांत मांडता येऊ लागले, आणि आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी तोच कागद पुढे वरिष्ठांकडे नेला.

सामुदायिक पोस्टिंगमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत घरोघरी जाऊन कुटुंबांचा अभ्यास करायचा होता. रुग्णालयात आलेला रुग्ण आपल्याला खाटेवर दिसतो, त्याचे घर दिसत नाही. ज्या बाईला आम्ही डिस्चार्जच्या वेळी ‘इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा’ असे बजावून पाठवत होतो, तिच्या वस्तीत दिवसाचे कित्येक तास वीज नसते आणि बहुतेक घरांत फ्रिजही नसतो, हे तेथे जाऊन कळले. मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून त्यात कुपी कशी थंड ठेवायची, हे तिथल्या आशाताईंनी आम्हाला दाखवले. आता माझ्या डिस्चार्जच्या सूचनांत हे असते. संशोधनाचा प्रकल्प गटाने करायचा होता. ओआरएस बनवण्याबद्दल मातांना किती माहिती आहे, हा विषय जुनाच, दरवर्षी कोणी ना कोणी घेतेच, परंतु प्रश्नावली कशी तपासायची, शिकवण्याआधीचे आणि नंतरचे गुण कसे ताडून पाहायचे, आणि आपल्याला हवा तो निष्कर्ष आकड्यांतून ओढून काढायचा नसतो, एवढे शिकवून तो प्रकल्प संपला.

या पदवीमुळे परिचारिका अधिक चांगली होते का, हा प्रश्न अमेरिकेत फार गांभीर्याने विचारला गेला आहे. तेथे दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवरही नोंदणीकृत परिचारिका होता येते, तरीही अनेक मोठी रुग्णालये चार वर्षांच्या पदवीला प्राधान्य देतात, आणि न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदा करून नव्या परिचारिकांना नोंदणीनंतर दहा वर्षांत ती पदवी मिळवणे बंधनकारक केले. या आग्रहामागे अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक लिंडा एकन यांचे संशोधन आहे. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या अभ्यासात त्यांना असे आढळले, की पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तेथे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ५ टक्क्यांनी कमी असते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात हा फरक ७ टक्के दिसला. मी हे आकडे हलके मानत नाही. मात्र त्याच युरोपीय अभ्यासात दुसरी गोष्टही ठळकपणे पुढे आली होती : परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. पदवीची मागणी करताना पहिला निष्कर्ष पुढे करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांनी दुसराही तितक्याच जोराने सांगितला पाहिजे. तीस रुग्णांमागे एक परिचारिका उभी करून तिच्याकडे पदवी आहे की पदविका हे विचारण्यात रुग्णाचे काही हित नाही.

सेवा म्हणून पाहिले तर अभ्यासक्रमाचा सर्वांत कमकुवत भाग क्लिनिकल पोस्टिंगचा होता, आणि महाविद्यालय निवडताना सर्वांत जास्त चौकशी याच बाबतीत करायला हवी. आमच्या महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात खाटा कागदावर भरपूर होत्या, पण निम्म्या वॉर्डांत रुग्णच नसत. प्रसूतीच्या ठरावीक नोंदी पूर्ण करण्यासाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागे, आणि तेथे आधीच तीन-चार महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी एकाच टेबलाभोवती उभ्या असत. केस स्टडी, केअर प्लॅन आणि लॉगबुक यांच्या फाइली रात्र-रात्र जागून लिहाव्या लागल्या. त्यांतल्या काही खरोखर वाचल्या गेल्या, बऱ्याच नुसत्या सही होऊन परत आल्या. म्हणून महाविद्यालयाची इमारत, कौशल्य प्रयोगशाळेतले नवे पुतळे आणि माहितीपत्रकातले फोटो पाहून प्रवेश घेऊ नये. दुपारच्या वेळी त्यांच्या रुग्णालयात जाऊन वॉर्डांतून एक फेरी मारावी, किती खाटांवर रुग्ण आहेत ते स्वतः पाहावे, आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला विचारावे की मनोरुग्णालयाची आणि ग्रामीण भागाची पोस्टिंग कोठे असते.

याच संदर्भात एका प्रकाराबद्दल अगदी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘नोकरी सोडायची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असे सांगून परराज्यात पोस्ट बेसिकला प्रवेश मिळवून देणारे एजंट आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि नोकरी करणाऱ्या, थकलेल्या मुली त्यांना सहज बळी पडतात. हा पूर्णवेळ, हजेरीचा अभ्यासक्रम आहे. ज्या काळात पदवीची हजेरी आहे त्याच काळातले पूर्णवेळ नोकरीचे अनुभव प्रमाणपत्र कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर ठेवले, की दोन्हींपैकी एक खोटे आहे हे कोणालाही दिसते, आणि मग निवड यादीतले नाव जाते. त्याहून मोठे नुकसान रुग्णाचे आहे. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी प्रामाणिक पर्याय उपलब्ध आहेत : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम नोंदणीनंतर किमान दोन वर्षे सेवेत असलेल्या परिचारिकांसाठीच आहे, तो कमीत कमी तीन वर्षांचा आहे, आणि प्रवेश परीक्षा देऊन मिळतो. शासकीय सेवेत असलेल्यांनी सेवांतर्गत प्रवेशाबद्दल आपल्या कार्यालयात आधी विचारावे, कारण पगार चालू ठेवून शिकण्याइतका चांगला मार्ग दुसरा नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. फीपेक्षा मोठी रक्कम ही दोन वर्षांच्या बुडालेल्या पगाराची असते, आणि ती माहितीपत्रकात कोठेच लिहिलेली नसते. वसतिगृह, गणवेश, पोस्टिंगचा प्रवास, विद्यापीठाचे शुल्क हे सगळे वेगळे. २०२४ मध्ये राज्य शासनाने कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीमध्ये पूर्ण सवलत दिली आहे. ती व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला लागू होत नाही, म्हणून आपला प्रवेश कोणत्या फेरीतून होत आहे हे पैसे भरण्याआधी महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे.

अभ्यासक्रमाला, विशेषतः त्याच्या दुसऱ्या वर्षाला, मी पाचपैकी चार गुण देईन, आणि ज्या महाविद्यालयात तो केला त्याला अडीच. नुकतीच जीएनएम झालेली आणि मोठ्या रुग्णालयात रुजू होऊ शकणारी मुलगी मला विचारेल, तर मी तिला आधी नोकरी कर असे सांगेन : अतिदक्षता विभाग, आपत्कालीन विभाग, प्रसूती कक्ष, जिथे मिळेल तिथे. दोन-तीन वर्षांनी प्रशासनाचा आणि संशोधनाचा तास तिला वेगळाच वाटेल, कारण तिच्याकडे विचारायला प्रश्न असतील. आमच्या वर्गात थेट जीएनएममधून आलेल्या मुली आणि वॉर्डातून आलेल्या आम्ही यांच्यात हा फरक पहिल्या महिन्यापासून दिसत होता. लहान नर्सिंग होममध्ये अडकलेल्या, सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा शिक्षिका होण्याची आस असलेल्या आणि आखाताकडे डोळे लावून बसलेल्या मुलींनी मात्र थांबू नये, वयाची अट त्यांच्यासाठी थांबत नाही. आणि ‘जीएनएम बंद होणार, तुझी नोंदणी रद्द होणार’ असे कोणी घाबरवले तर त्या भीतीपोटी प्रवेश घेऊ नये. जीएनएम बंद करण्याची चर्चा पूर्वीही झाली, १९४७ च्या परिषदेच्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, पण जिने रीतसर शिक्षण घेऊन नोंदणी केली आहे तिची नोंदणी अशा चर्चेने जात नाही.

निकाल लागल्यावरचे एक काम बऱ्याच जणी विसरतात. पदवी प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अर्ज करून ही वाढीव अर्हता आपल्या मूळ नोंदणीत चढवून घ्यावी लागते. भरतीच्या जाहिरातीत पदवी आणि नोंदणी दोन्ही मागितलेली असते, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर झालेली नोंद ग्राह्य धरली जात नाही. गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, जुने आरएन आणि आरएमचे (नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका असल्याचे) प्रमाणपत्र यांच्या प्रती तयार ठेवाव्यात आणि विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाची वाट न पाहता त्याच आठवड्यात अर्ज करावा.